ज्याची वायर, त्याचा हात

बाळांनो, आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही अंथरुणात आहात, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलंय, आणि कुणीतरी दार वाजवतंय. तुम्ही काय करता? पडल्या पडल्याच ओरडता, ‘दादा, दार उघड.’ दादा उठतो, जड अडसर बाजूला करतो, दार ओढतो. दार उघडलं कुणी? तुम्ही म्हणाल, मी सांगितलं म्हणून उघडलं. तेही खरंच. पण खांदा कुणाचा दुखला?

आता ते अंथरूण म्हणजे ट्रकमधलं बटण समजा. तुमची हाक म्हणजे एक बारीक वायर. आणि दादा म्हणजे दिव्याजवळ बसवलेली एक छोटी काळी डबी, मुठीत सहज मावेल एवढी. तिला रिले म्हणतात. ड्रायव्हर बटण दाबतो, बारीक वायरीतून चिमूटभर वीज डबीपर्यंत जाते, आतलं लोखंड ‘टक्’ करून चिकटतं, आणि बॅटरीची खरी दणदणीत वीज जाड वायरीने तिथल्या तिथे दिव्यात शिरते. हाक एका वाटेने जाते आणि ताकद दुसऱ्या वाटेने. कळलं? नसेल कळलं तर पुन्हा वाचा. घाई नाही.

कळलं असेल तर या आत. वाकून या, पत्रा खाली आलाय.

ही एक लांबट शेड आहे. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर वायरींची भेंडोळी: लाल, काळी, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची. जळक्या प्लास्टिकचा आणि डागकामाचा वास इथल्या जेवणालासुद्धा येतो. मधोमध एक ट्रक उभा आहे. तो दुरुस्त करणाऱ्या माणसाहून वयाने मोठा. फुगीर नाक, मडगार्डांवर बसवलेले दोन डोळे, लाकडी हौदा. दिसायला राजा, पण दिवे लावले की आंधळा म्हातारा. कारण त्याच्यात रिले नव्हतीच. दिव्याची सगळी वीज बॅटरीतून निघून आधी ड्रायव्हरच्या बटणापर्यंत यायची आणि तिथून परत नाकापर्यंत जायची. कापडात गुंडाळलेल्या त्या जुन्या वायरींत निम्मी वीज वाटेतच गळायची, आणि बटण इतकं तापायचं की ड्रायव्हर बोटाला फडकं गुंडाळून ते दाबायचा.

शेडचा मालक मिस्त्री. त्याला दोन मुलं. मोठ्या मुलाला तो ‘ढब्बू’ म्हणायचा. धाकटीला ‘ठिणगी’. आई गेल्यापासून त्या घरात हाका मारायला दुसरं नाव उरलं नव्हतं. ठिणगी मात्र भावाला दादाच म्हणायची. आपण या गोष्टीत तिच्या जवळ उभे राहणार आहोत.

मिस्त्रीच्या शेडमध्ये एक नियम होता. ज्याची वायर, त्याचा हात. नवीन वायरिंग झालं की त्याची चाचणी व्हायची. चाचणीला फ्यूज काढून ठेवायचा आणि त्याच्या जागी तांब्याची जाड तार घालायची. फ्यूज कशाला असतो माहीत आहे ना? वायरीत जास्त वीज आली तर तो स्वतः जळून वायर वाचवतो. मिस्त्रीला ते पसंत नव्हतं. तो म्हणायचा, “फ्यूज म्हणजे चोराचा वकील. चूक करणारा सुटतो.” मग ज्याने वायर ओढली असेल त्याने त्यातली सगळ्यात बारीक वायर मुठीत धरायची. मिस्त्री बटण दाबणार. तो ‘सोड’ म्हणेपर्यंत मूठ उघडायची नाही. काम बरोबर असेल तर वायर गार राहते. चुकलं असेल तर तळहातावर लिहून जाते. आणि जो हात ठेवणार नाही किंवा आधीच काढून घेईल, त्याचं काम न बघताच नापास.

मिस्त्रीच्या स्वतःच्या उजव्या तळव्यावर आडवी एक रेघ होती. त्याच्या उस्तादाने दिलेली. गिऱ्हाइकांना तो ती दाखवायचा, जशी लोक भिंतीवरची चौकटीतली पदवी दाखवतात.

दादाच्या हातावर दोन रेघा होत्या. ठिणगीच्या हातावर एकही नव्हती.

“बघ,” मिस्त्री तिचा हात धरून दादाच्या नाकासमोर नाचवायचा, “बघ, कालची शेंबडी पोर. हात कसा, कोरी पाटी. आणि तुझा? तुझ्या हातावर भविष्य बघायचं म्हटलं तर ज्योतिषी घाबरून पळेल.”

दादा हसायचा. त्याला वाटायचं, आपण हसलो की विनोद लवकर संपतो.

ठिणगीही हसायची. ती हुशार होती, तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. दादाला दोनदा सांगावं लागे, पण दुसऱ्यांदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा सांगायची पद्धत नव्हती. तो एकदा सांगायचा, मग ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणायचा, मग डोक्यावर ट्रकचं टायर देऊन शेडबाहेर उभं करायचा. ठिणगी आत शिकत असायची, दादा बाहेर टायर घेऊन उभा असायचा, आणि दोघांच्या मध्ये पत्र्याची एक भिंत.

तर हा ट्रक होता त्यांच्या आत्याच्या यजमानांचा. त्यांचं खडी फोडायचं मोठं यंत्र होतं. हा त्यांच्या वडिलांचा पहिला ट्रक, म्हणून तो नव्यासारखा करून फाटकाशी उभा करायचा आणि अधूनमधून मिरवायचा, अशी त्यांची हौस. ट्रक घेऊन त्यांचा ड्रायव्हर आला होता, काम संपेपर्यंत मुक्कामाला. लठ्ठ, सदा सुपारी कातरत बसलेला, दुसऱ्याच्या घरातलं भांडण फुकटात बघायला मिळालं की खूष होणारा.

त्याने मालकांचा निरोपही आणला होता. ट्रक परत येताना दोनातलं एक पोर बरोबर पाठव.

“कुठलं?” मिस्त्रीने विचारलं होतं.

“मालक म्हणाले, कुठलंही. मुलगा दिला तर यंत्रावर लावू, मुलगी दिली तर घरात. तुमच्या बहिणीचे गुडघे गेलेत, कामाला माणूस टिकत नाही.”

“का टिकत नाही?”

“बाई जरा हात उगारणारी आहे,” ड्रायव्हर म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली. “तुमचीच बहीण. तुम्हाला काय सांगायचं?”

मिस्त्रीला त्यात अपमान काहीच वाटला नाही. तो हसला. मेहुण्याला नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावं असंही त्याला वाटलं नाही.

खडीच्या यंत्रावर दोघं भावंडं एकदा गेली होती. तिथे माणसं खुणांनी बोलत होती, कारण ऐकू कुणालाच येत नव्हतं. पांढरी धूळ भुवयांवर, ओठांवर, डब्यातल्या भातावर. दादा मुळात छातीचा कच्चा. शेडमध्ये झाडू मारला तरी त्याला धाप लागायची. त्या दिवशी परतताना तो वाटेत तीनदा खाली बसला होता आणि ठिणगीने त्याची पाठ चोळली होती.

“अर्धा-अर्धा ट्रक,” मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं. “पुढचे दिवे ढब्बूचे. हॉर्न आणि वायपर ठिणगीचे. दोन्हींकडे रिले घालायच्या. चाचणीत नापास होईल तो ड्रायव्हरबरोबर जाईल.”

“आणि बाबा, दोघं पास झालो तर?” दादाने विचारलं.

“तू आणि पास?” मिस्त्री ड्रायव्हरकडे वळला. “ऐकलंत? मेंढरू विचारतंय, मला शिंगं फुटली तर टोपी कशी घालू.”

ड्रायव्हर पोट धरून हसला. दादाही हसला, नेहमीसारखा.

मिस्त्रीने दोन खोकी काढली. एक ठिणगीला दिलं, एक दादाला. रिलेची खोकी. आता इथे थोडं लक्ष द्या, कारण या गोष्टीतला सगळा क्रूरपणा त्या दोन खोक्यांतला आहे.

रिले दोन प्रकारच्या असतात. एक साधी. तिला बारीक वायरीची दोन टोकं, कुठलं कुठेही जोडा, तिला फरक पडत नाही. दुसरीच्या पोटात एक जास्तीची वस्तू असते, डायोड नावाची. डायोड म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याचं ते दार, जे एकाच बाजूला उघडतं. वीज सुलट्या बाजूने आली तर ते दार बंद राहतं आणि रिले आपलं काम करते. पण वीज उलट्या बाजूने आली तर दार सताड उघडतं, आणि मग बॅटरीतली वीज काहीही काम न करता त्या केसासारख्या बारीक वायरीतून धरण फुटल्यासारखी धावते. अशा रिलेच्या अंगावर ओळखीसाठी छोटा बाण काढलेला असतो. आडवी रेघ आणि तिला टेकलेला बाण.

आणि हा ट्रक होता उलटा. म्हणजे असं: आपण रोज बघतो त्या गाड्यांत बॅटरीचं वजा टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेलं असतं. पूर्वीच्या काही गाड्यांत अधिक टोक सांगाड्याला बांधायचे. अशा गाडीत बाणवाली रिले तिच्यावरच्या चित्राबरहुकूम जोडली, तर ती चूकच ठरते. चित्र सुलट गाडीसाठी असतं.

ठिणगीला हे माहीत होतं. मिस्त्रीने मागे एकदा तिला समजावून सांगितलं होतं, खडूने जमिनीवर चित्र काढून. तेव्हा दादा बाहेर होता. डोक्यावर टायर घेऊन.

पहिल्या दोन दिवसांत जुन्या वायरी उपटून झाल्या. त्यांचं कापड हात लावला की भुकटी होत होतं. तिसऱ्या दिवशी दादा मडगार्डाखाली उताणा शिरला आणि त्याने हाक मारली, “ठिणगे, जरा बॅटरी धर ग. उजेड दाखव.”

ती बसली, हातातल्या बॅटरीचा उजेड तिने आत टाकला. दादाने दोन रिले शेजारी शेजारी इतक्या नीट बसवल्या होत्या की जणू जन्मापासून तिथेच असाव्यात. वायरींना त्याने टेपचे वेढे घातले होते, एकावर एक, एकही सुरकुती नाही. ठिणगीच्या कामात असा नेटकेपणा नव्हता. तिचं पटकन व्हायचं, बरोबर व्हायचं, पण असं दिसायचं नाही.

मग उजेड रिलेच्या अंगावर पडला आणि तिला बाण दिसला.

तिच्या खोक्यातल्या एकाही रिलेवर बाण नव्हता. ट्रकच्या बॅटरीच्या पेटीत तिने आदल्या दिवशीच डोकावून पाहिलं होतं. जाड पट्टा सांगाड्यापासून निघून अधिक टोकाला जात होता.

“हे बघ,” दादा आतून म्हणाला, “चित्रात असं आहे. ही बारीक सांगाड्याला, ही बारीक बटणाकडे. मी दोनदा वाचलं. बरोबर आहे ना ग?”

एक वाक्य. ‘दादा, ही गाडी उलटी आहे, ती दोन टोकं अदलाबदल कर.’ पाव मिनिटाचंही काम नव्हतं. वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, तिला त्याची चवसुद्धा कळत होती.

पण मग तिला आत्या आठवली. आत्याच्या हातातलं लाटणं आठवलं, जे पोळ्या नसतानाही हातात असायचं. दोघं पास झाले तर काय, या प्रश्नाला बाबांनी उत्तर दिलं नव्हतं. दिलं असतं तरी काय असतं? मुलगा मोठा आहे, दुकान पुढे चालवील, मुलीला पाठवू. लोक असंच करतात. आणि खोकी तर बाबांनीच दिली. मी थोडीच दिली? मी काहीच केलेलं नाही. मी नुसता उजेड धरलाय.

असं मनातल्या मनात ती खूप बोलली. तोंडाने बोलली नाही.

दादा मान वळवून तिच्याकडे बघत होता. त्याच्या गालाला ग्रीस लागलं होतं. तो थोडा वेळ थांबला. मग स्वतःशीच मान डोलावून त्याने स्क्रू घट्ट केला.

“आता उजेड जरा इकडे घे ग,” तो म्हणाला.

ठिणगीने उजेड तिकडे घेतला.

चाचणी दुपारी जेवणानंतर झाली. ड्रायव्हरने रिकामं पिंप उपडं करून त्यावर बैठक मारली होती, अगदी समोर, जिथून सगळं दिसेल.

“आधी कोण?” त्याने विचारलं.

“आधी कडू, मग गोड,” मिस्त्री म्हणाला. “ये ढब्बू. मूठ.”

दादाने हात पँटला पुसला. बटणापासून रिलेपर्यंत येणारी बारीक हिरवी वायर त्याने मडगार्डाच्या वर ओढून घेतली होती. ती त्याने मुठीत धरली. मिस्त्री केबिनमध्ये चढला. चढताना त्याने तांब्याची तार फ्यूजच्या जागी खुपसली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “वकील घरी पाठवला.”

बटण खाली गेलं.

रिलेने ‘टक्’ केलं नाही. ठिणगीला ते न वाजलेलं ‘टक्’ सगळ्यांत आधी ऐकू आलं.

दादाचा चेहरा आधी नुसता गोंधळला. मग तो वर बघून म्हणाला, “बाबा, दिवे लागले नाहीत.”

“ते मला दिसतंय. हाताला काय वाटतंय?”

“गरम आहे.”

“किती गरम?”

“बाबा, जास्त आहे.”

“जास्त म्हणजे? चहाएवढं, की तव्याएवढं? मिस्त्री व्हायचंय ना तुला? माप सांगता आलं पाहिजे.”

दादाच्या मुठीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं. सोडण्यासाठी नव्हे, मूठ उघडू नये म्हणून. त्याच्या घशातून आवाज यायला लागला, कुत्र्याचं पिल्लू झोपेत करतं तसा. ड्रायव्हर सुपारी चावायचा थांबला.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मिस्त्री केबिनच्या खिडकीतून वाकून म्हणाला. “झाकलेली ठेव.”

“मिस्त्री, अहो,” ड्रायव्हर म्हणाला.

“सोड,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने बटण वर केलं.

पण दादाला सोडता येईना. मूठ उघडली तरी वायर हातातच राहिली. हिरवं प्लास्टिक वितळून तळव्यात बसलं होतं. ठिणगीने धावत जाऊन पक्कड आणली, वायर दोन्हीकडून तोडली, आणि त्याला हाताला धरून नळाखालच्या बादलीशी बसवलं. त्याने हात पाण्यात घातला. तो रडला नाही. त्याचे दात एवढे वाजत होते की रडायला जागाच नव्हती.

मिस्त्री खाली उतरला. मडगार्डाखाली हात घालून त्याने जळकी रिले उपटून काढली, फुंकर मारली आणि ड्रायव्हरला दाखवली.

“हे बघा. काम किती देखणं केलंय. फुलांचा हार नुसता. आणि आत मढं.”

“मी चित्रात आहे तसंच लावलं होतं,” दादा बादलीकडूनच म्हणाला.

“चित्र सुलट गाडीचं. गाडी उलटी.”

“मला कुणी सांगितलं नाही, बाबा.”

“हिला सांगितलं होतं. तू तेव्हा बाहेर होतास, हवा खात.” मिस्त्रीने रिले हवेत उडवून झेलली. “म्हणून तर ते खोकं तुझ्यासाठी ठेवलं. म्हटलं, बघू, बघून शिकतो का. कान नसले तर निदान डोळे तरी आहेत का.”

ड्रायव्हर म्हणाला, “म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“मला ठाऊक नसणार तर कुणाला?” मग तो ठिणगीकडे वळला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. इतका मऊ की तिला तो ओळखू येईना. “आणि हिलाही ठाऊक होतं. काय ग? उजेड तू धरला होतास. बाण दिसला ना तुला?”

ठिणगीने दादाकडे पाहिलं नाही. “दिसला,” ती म्हणाली.

“आणि गप्प बसलीस.”

तिने मान डोलावली.

“बघा ड्रायव्हर,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच, आडव्या रेघेचा. “याला म्हणतात रक्त. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. माझ्या उस्तादाकडे आम्ही तिघं शिकायला होतो. दोघं कुठे गेले ते मला विचारू नका. कानामागून आली आणि तिखट झाली, पण झाली ती माझ्यासारखी झाली.” त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. आई गेल्यापासून त्या केसांवरून कुणाचा हात फिरला नव्हता. “चल, ढब्बूचा निकाल लागला. त्याचं बोचकं बांधायला सांग त्याला. पाणी पी आणि ये. मग तुझा हॉर्न वाजवून टाकू.”

ती पाणी प्यायला नळाशी गेली. दादाचा हात अजून बादलीत होता. पाण्यावर हिरवट काळे कण तरंगत होते.

ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

दादाच बोलला, हळू, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून. “तू बघत होतीस ना तेव्हा? मी तुझ्याकडे पाहिलं.”

“हं.”

“मला वाटलं, ही बघतेय आणि काही बोलत नाही, म्हणजे बरोबर असणार.” त्याने हात पाण्यात थोडा हलवला आणि डोळे मिटले. “म्हणून मग मी स्क्रू आवळला.”

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने शोधला. नव्हता. तो नुसतं सांगत होता, चाचणीनंतर आपलं कुठे चुकलं ते सांगावं तसं.

“तिकडे धूळ फार असते,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “तोंडाला बांधायला फडकं देशील एखादं?”

“ठिणगे!” मिस्त्रीने हाक मारली. “मुहूर्त बघतेस काय?”

ती उठली आणि ट्रकपाशी गेली. मिस्त्री केबिनमध्ये चढून बसला होता, बटणावर बोट ठेवून. तिची बारीक वायर निळी होती. नाकाजवळून बाहेर काढून ठेवलेली, साध्या रिलेला जोडलेली, उलट्या गाडीत उलटसुलट कशीही चालणारी. तिला माहीत होतं की ती गार राहणार. मिस्त्रीला माहीत होतं. पिंपावरच्या ड्रायव्हरलाही एव्हाना कळलं असावं.

“मूठ,” मिस्त्री म्हणाला.

ठिणगीने वायरीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक गुंफले.

“अग, मूठ.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली.

“घाबरलीस?” मिस्त्री हसला. “काम बरोबर आहे तुझं, वेडे. मी सकाळीच बघितलंय. गार राहील, काही होणार नाही.”

“मला माहीत आहे.”

“मग ठेव.”

“नाही.”

मिस्त्रीचं हसू ओठांवरच वाळलं. “हात ठेवला नाहीस तर काय होतं, ठाऊक आहे ना?”

“नापास,” ठिणगी म्हणाली. “न बघता.”

ड्रायव्हरने अडकित्ता मिटला. तो एकदा मिस्त्रीकडे, एकदा त्या पोरीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “मिस्त्री, माझ्या मालकांनी एकच मागितलंय. आता यातलं नेऊ कुठलं?”

मिस्त्रीने केबिनमधून बटण दाबलं. ट्रकच्या नाकात रिलेने ‘टक्’ केलं आणि हॉर्न वाजला, मोठा, खणखणीत, पत्रे थरारतील असा. त्याने बोट उचललंच नाही. तो ठिणगीकडे बघत राहिला, आणि हॉर्न वाजत राहिला, आणि निळी वायर कुणाच्याही हातात नव्हती.

त्या आवाजात ती वळली. बाप मागून काय ओरडतोय ते तिला ऐकू येत नव्हतं, ऐकायला ती थांबलीही नाही. ती नळाशी गेली, दादाच्या शेजारी जमिनीवर बसली, बाही कोपरापर्यंत वर केली, आणि आपला कोरा हात त्याच बादलीत, त्याच्या हाताशेजारी घातला.